मूल कोणाचे? लसटोचणीची सक्ती, पालकांचा अधिकार आणि धर्मविचार

लहान मुलाला लस टोचायची की नाही हे आई-वडिलांनी ठरवायचे की सरकारने, हा प्रश्न वरवर पाहता आरोग्यखात्याचा वाटतो. परंतु तो थोडा खोदला की त्याखाली फार जुना प्रश्न लागतो, तो असा की मुलावर कोणाची मालकी असते काय, आणि नसेल तर त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार आई-वडिलांकडे कोठून येतो. भारतात 1985 पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे आणि त्यातील लसी मोफत मिळतात; मात्र प्रत्येक पालकावर त्या टोचून घेण्याची सक्ती करणारा देशव्यापी कायदा आज अमलात नाही. गोवराची साथ आली की अशा कायद्याची मागणी होते आणि तिला उत्तर म्हणून पालकांच्या हक्काचा, कधी धर्मस्वातंत्र्याचा, दाखला दिला जातो. दोन्ही बाजूंनी बोलणारे बहुधा पाश्चात्त्य न्यायालयांचे निकाल पुढे करतात. वस्तुतः या वादाला लागणारी पुष्कळशी वैचारिक सामग्री आपल्याच परंपरेत आणि आपल्याच कायद्याच्या इतिहासात पडलेली आहे.

या प्रश्नाची कसोटी पाहायची तर सूरत शहराच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया आणि त्याला लागून असलेल्या लिंबायत, गोडादरा या वस्त्यांसारखी जागा सापडणे कठीण आहे. कापडबाजारात व्यापार करणारी राजस्थानी व गुजराती कुटुंबे, त्यांत जैनही आले, आणि यंत्रमागावर, डाइंग मिलमध्ये किंवा घरी बसून साड्यांना लेस-टिकल्या लावण्याच्या कामावर जगणारी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची खानदेशी कुटुंबे येथे शेजारी राहतात. शीतला सातमला चूल न पेटवणारे घर आणि श्रावणात कानबाईची स्थापना करणारे घर एकाच गल्लीत असते. पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी दोघांच्याही दारात येते. आणि गोवराचा विषाणू हवेतून पसरत असल्यामुळे एका घरातला निर्णय दुसऱ्या घरातील तान्ह्या मुलापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. नऊ महिने पूर्ण होण्याआधी गोवराची नियमित लस दिली जात नाही, म्हणून त्या वयाच्या आतील मूल बऱ्याच अंशी आजूबाजूच्या मुलांच्या संरक्षणावर अवलंबून असते.

सूरत आणि खानदेश ही दोन्ही मुंबई इलाख्यात होती, त्यामुळे सक्तीच्या कायद्याचा त्यांचा इतिहासही एकच आहे. हिंदुस्थानातील पहिली यशस्वी देवीची टोचणी 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला झाली. पुढे पाऊण शतकाने, 1877 मध्ये, मुंबई शहरात टोचणी कायद्याने सक्तीची झाली. 1880 मध्ये नगरपालिका व छावण्यांना लावता येईल असा अखिल हिंदुस्थानचा कायदा झाला, ज्याचे विधेयक व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सर सय्यद अहमद खान यांनी मांडले होते. आणि 1892 मध्ये इलाख्यातील जिल्ह्यांसाठी निराळा कायदा आला. 1880 च्या कायद्याने मूल या शब्दाच्या व्याख्येत मुलगे चौदा वर्षांखालचे आणि मुली मात्र आठ वर्षांखालच्या धरल्या होत्या. आठ वर्षांवरील मुलीच्या अंगाला परक्या माणसाने हात लावणे घरच्यांना रुचणार नाही, हे ओळखून परक्या सत्तेने तेथे माघार घेतली असे मानायला जागा आहे; त्या माघारीची किंमत ज्या मुलींनी देवीच्या रोगात मोजली त्यांना मात्र कोणी विचारले नाही. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने, ज्याच्या चौकटीत 1966 साली सूरतची महापालिका उभी राहिली, सार्वजनिक लसटोचणी हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले. येथे कायद्याचा रोख बदललेला दिसतो. पूर्वीच्या कायद्यांत कर्तव्य मुख्यतः पालकाचे होते आणि सरकार दंड करणारे होते. येथे आधी संस्थेवर बंधन आले.

आता मालकीचा मूळ प्रश्न. पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक कर्मकांडाच्या अर्थनिर्णयाच्या शास्त्रात, विश्वजित् नावाच्या यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. तेव्हा सर्वस्वात काय काय येते, असा प्रश्न जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात उपस्थित केला आहे. आई-वडील आणि नातलग माणसाचे ‘आपले’ असतात, मग त्यांचेही दान करायचे काय? उत्तर नकारार्थी आहे, कारण दान त्याच वस्तूचे होते जिच्यावर स्वामित्व असते, आणि नात्यावर स्वामित्व नसते. लगेच पुढे भूमीचा प्रश्न येतो आणि राजालाही सगळी भूमी देऊन टाकता येत नाही, कारण ती सर्वांना समान आहे, असा निर्णय दिला जातो. एकाच चर्चेत कुटुंबप्रमुखाचे नात्यांवरील आणि राजाचे भूमीवरील स्वामित्व नाकारले जावे, ही गोष्ट आजच्या वादासाठी फार मोलाची आहे.

धर्मशास्त्रात याविरुद्धचे मतही आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. वसिष्ठाच्या धर्मसूत्रानुसार मूल आई-वडिलांच्या रक्ता-रेतापासून झालेले असल्याने त्याचे दान, विक्री किंवा त्याग करण्याचा अधिकार त्यांना आहे. आपस्तंब मात्र मुलाचे दान आणि विक्री मान्यच करत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने कुटुंबाला बाधा न येईल अशा रीतीने आपले द्रव्य देण्याची मुभा देताना पत्नी आणि मुले त्यातून वगळली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही मते एकत्र मांडली आहेत. गुजरातेत हिंदू कायद्याच्या बाबतीत ज्या ग्रंथाला न्यायालयांनी विशेष मान दिला तो ‘व्यवहारमयूख’ ज्याने लिहिला, तो नीलकंठ भट्ट मूळच्या पैठणच्या घराण्यातला होता, आणि या ग्रंथाची चिकित्सक आवृत्तीही काण्यांनीच सिद्ध केली. म्हणजे सूरतच्या घराघरातील वारसा आणि दत्तक यांचे वाद शतकभर ज्या पुस्तकाच्या आधारे सुटले त्याची नाळ गोदावरीकाठी पुरलेली आहे. परंपरेचा एकंदर प्रवाह वसिष्ठाच्या टोकापासून दूर, स्वामित्वाच्या नकाराकडे गेला, हे यातून स्पष्ट होते.

स्वामित्व नसेल तर अधिकार कशाचा? याचे उत्तर ऋणाच्या कल्पनेत मिळते. मनुष्य जन्मतः देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो आणि संततीने पितृऋण फिटते, असे वैदिक वाङ्मय सांगते. शतपथ ब्राह्मण यात माणसांविषयीचे चौथे ऋणही मोजते. या दृष्टीने मूल हे कमावलेले धन नव्हे, ते फेडीच्या व्यवहारातील एक व्यक्ती आहे, आणि आई-वडिलांकडे त्याच्याविषयी जो अधिकार येतो तो कर्तव्य पार पाडण्यासाठी लागतो तेवढाच येतो. 1890 चा पालक व पाल्य कायदा आणि 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा यांनी मुलाच्या कल्याणाला जे सर्वोच्च स्थान दिले आहे ते याच विचाराशी जुळते. विश्वस्ताला ठेवीच्या बाबतीत मोठे अधिकार असतात, पण ठेव आपल्या तत्त्वासाठी पणाला लावण्याचा अधिकार त्यात नसतो.

ही मर्यादा किती अवघड असते याचे सर्वांत गंभीर उदाहरण गुजरातच्याच भूमीवर घडले आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी कुटुंब आहे. महात्मा गांधींचा देवीच्या टोचणीला धर्माच्या आणि आरोग्याच्या दोन्ही कारणांनी विरोध होता. गाईच्या शरीरातून आलेला द्रव माणसाच्या रक्तात घालणे त्यांना अपवित्र आणि हिंसेचे वाटत असे, आणि 1913 मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी ते स्पष्टपणे मांडले. 1930 च्या आरंभी साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांत आश्रमाचे संगीतज्ञ पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. काही दिवसांतच, 12 मार्चला, दांडीयात्रा निघाली आणि पंडित खरे तीत सामील होते. 1 एप्रिलला ही यात्रा सूरतला पोहोचली. गांधीजींना या मृत्यूंचे दुःख झाले, पण त्यांचे मत बदलले नाही. आपले मत इतरांवर लादायचे नाही, ही त्यांची भूमिका होती, आणि ज्या पुढाऱ्याचा शब्द लाखो लोक झेलत होते त्याने सक्तीपासून दूर राहावे यात मोठेपणा होता हे मान्यच करावे लागते.

तरीही गांधीजींच्याच विचाराने त्यांच्या या निष्ठेची परीक्षा केली पाहिजे. सत्याग्रहाची नैतिक शक्ती आत्मक्लेशात आहे: सत्याचा आग्रह धरणारा माणूस त्या आग्रहाचे दुःख स्वतः सोसतो, दुसऱ्यावर टाकत नाही. प्रौढ माणसाने श्रद्धेपोटी स्वतः टोचून न घेणे या कसोटीला काही अंशी उतरते. मुलाच्या बाबतीत मात्र आग्रह एकाचा आणि क्लेश दुसऱ्याचा असतो, आणि दुसरा अशा वयाचा असतो की त्याला त्या सत्याची ओळखही झालेली नसते. पंडित खरे यांच्यासारख्या निष्ठावान पित्याला दोष देण्याचा हा प्रश्न नाही. पण बापाचे व्रत मुलाच्या शरीरावर चालत नाही, हा निष्कर्ष गांधीविचाराशी प्रामाणिक राहूनच निघतो, त्यासाठी तो विचार सोडावा लागत नाही.

धर्मश्रद्धेचे इतर आक्षेप यापेक्षा सौम्य आहेत. गोवर अंगावर आलेल्या मुलाला कडुलिंबाच्या पाल्याजवळ निजवणे, घरात फोडणी न देणे, पाहुण्यांना आत न घेणे या चालींमागे देवीविषयीचा आदर आणि रोग्याला वेगळे ठेवण्याची जुनी समज दोन्ही आहेत, आणि त्यांचा लसीशी विरोध नाही. जागतिक आरोग्य सभेने 8 मे 1980 रोजी देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. या रोगाची देवता मानल्या जाणाऱ्या शीतलेची पूजा तरीही चालू आहे, कारण ती पूजा भयाबरोबरच मुलाच्या मायेतून आलेली होती. जैन कुटुंबाला पडणारा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे, कारण काही लसींत प्राणिजन्य जिलेटिन असते आणि काही लसी प्राण्यांच्या पेशींत वाढवल्या जातात. परंतु जैन आचारशास्त्राने हिंसेचे चार प्रकार केले आहेत: मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी आणि संरक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. श्रावकाने, म्हणजे गृहस्थाने, संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडायची असते; उरलेल्या तीन प्रकारांत त्याला यत्नाने ती कमी करत जायची असते. मुलाच्या रक्षणासाठी टोचलेली लस संकल्पी हिंसेत बसवणे अवघड आहे. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य देतानाच ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवले आहे, आणि ‘आरोग्य’ हा शब्द घटनाकारांनी तेथे विचारपूर्वक घातला आहे.

येथवर विचार मुलाच्या हिताचा झाला. समाजाच्या हिताचा युक्तिवाद निराळा आहे आणि सर्व लसींना तो सारखा लागू पडत नाही, ही बाब कायद्याच्या चर्चेत सतत सुटून जाते. धनुर्वात एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. ती लस घेणाऱ्याचेच रक्षण करते, म्हणून तेथे शेजाऱ्याचा हक्क सांगता येत नाही, फक्त मुलाचा सांगता येतो. गोवराचे उलट आहे: संरक्षण नसलेल्या समाजात एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो आणि साथ रोखण्यासाठी सुमारे 95 टक्के लोक संरक्षित असावे लागतात. रुबेलाचे उदाहरण तर तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. हा रोग मुलांमध्ये बहुधा सौम्य असतो. पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तो आईला झाला तर बाळ बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा हृदयदोष घेऊन जन्माला येऊ शकते. म्हणजे रुबेलाची लस घेणारा मुलगा मुख्यतः दुसऱ्या कोणाच्या तरी अजून न जन्मलेल्या बाळासाठी दंड पुढे करतो. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रह, म्हणजे समाजाची धारणा होईल असे कर्म करत राहणे, हे गीतेचे तात्पर्य म्हणून मांडले; रुबेलाची लस हे त्या कल्पनेचे नेमके उदाहरण आहे. पण लोकसंग्रह हा करणाऱ्याच्या बुद्धीतून यायचा असतो. न कळत्या मुलाकडून तो करवून घेणारा पालक असो वा सरकार, त्याच्यावर दुप्पट जबाबदारी येते, कारण तो दुसऱ्याचे शरीर तिसऱ्याच्या हितासाठी वापरत असतो.

जगातील कायद्यांनी या जबाबदारीची विभागणी वेगवेगळी केली आहे. इंग्लंडने 1853 मध्ये अर्भकांची टोचणी सक्तीची केली, 1885 मध्ये लेस्टर शहरात त्याविरुद्ध प्रचंड निदर्शने झाली आणि 1898 मध्ये सदसद्विवेकाच्या आधारे सूट देण्याची तरतूद करावी लागली. कॅलिफोर्नियाने उलट दिशेने जाऊन 2015 मध्ये शाळाप्रवेशासाठी वैयक्तिक श्रद्धेची सूट काढून घेतली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 8 एप्रिल 2021 रोजी झेक प्रजासत्ताकाची सक्ती वैध ठरवली, मात्र ती सक्ती माफक दंड आणि बालवाडीप्रवेशाचा नकार एवढ्यापुरतीच होती, मुलाला धरून टोचण्याची नव्हती. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने 22 जानेवारी 2019 रोजी शाळांमधील गोवर-रुबेला मोहिमेत पालकांची संमती आवश्यक मानली आणि लसीचे लाभ तसेच संभाव्य दुष्परिणाम दोन्ही लोकांना सांगण्यास बजावले. आणि 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने, करोनाच्या संदर्भात कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, मात्र सामूहिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतील, असे ठरवले. या निकालांचा सूर संयमाचा आहे, आणि तो योग्य आहे.

योग्य अशासाठी की सरकारही या प्रकरणात निष्कलंक पक्ष नाही. 1897 च्या साथरोग कायद्याच्या आडोशाने पुण्यात प्लेगच्या साथीत घरांच्या झडत्या घेतल्या गेल्या तेव्हा उसळलेल्या संतापाची आठवण महाराष्ट्राला सांगावी लागत नाही. देवी निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात, 1974-75 मध्ये, लोकांना घरात शिरून धरून टोचल्याचे प्रकार घडले, आणि त्यांची कबुली मोहिमेत काम केलेल्यांनीच दिली आहे. मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या एका बाटलीतील लस टोचल्यानंतर 1902 मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष लशीचा नव्हता, गावातल्या हाताळणीत बाटली दूषित झाली असावी असे पुढे दिसून आले, पण मेलेल्यांच्या घरच्यांना त्याचा काय उपयोग? अपघात अत्यंत विरळा असले तरी जे कुटुंब समाजासाठी मूल पुढे करते त्याला अपघात झाल्यास समाजाने सांभाळले पाहिजे, हा ऋणाचा सरळ व्यवहार आहे. ब्रिटनने 1979 मध्ये आणि अमेरिकेने 1986 मध्ये, चूक कोणाची हे सिद्ध करायला न लावता भरपाई देणारे कायदे केले. भारताने सार्वत्रिक लसीकरणासाठी तसा कायदा केलेला नाही. तो नसताना सक्तीचा कायदा करणे म्हणजे ठेव मागून घेऊन पावती न देणे होय.

पर्वत पाटियाच्या परिसरात हा विचार आणखी एका कारणाने टोकदार होतो. खानदेशी सुनेचे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, जन्माच्या वेळच्या लसींची नोंद महाराष्ट्राच्या माता-बाल संरक्षण कार्डावर होते, पुढचे डोस सूरतला ममता दिवशी, म्हणजे लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी, गुजरातच्या ममता कार्डावर पडतात, आणि मधे लग्नसराई किंवा दिवाळीसाठी गावी गेले की एखादा डोस राहतो. अशा घराने लस नाकारलेली नसते. मजुरी बुडवून रांगेत उभे राहणे त्याला परवडलेले नसते किंवा कार्ड गावच्या पेटीत राहिलेले असते. दंडाचा कायदा आला तर तो विचारपूर्वक नकार देणाऱ्या सुशिक्षिताच्या आधी या आईला गाठेल, कारण सुशिक्षिताला वकील मिळतो. नकार आणि चुकणे यांत नैतिक भेद आहे, आणि जो कायदा तो भेद करत नाही तो अन्याय्य आहे.

सूरतहून भुसावळला जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूरचे स्थानक निम्मे गुजरातेत आणि निम्मे महाराष्ट्रात आहे. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सूरत सोडणारे असंख्य लोक याच मार्गाने खानदेशात परतले. सार्वजनिक आरोग्य हा घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतील विषय असला तरी संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा विषय आहे; त्या नोंदीचा उपयोग पालकांना शिक्षा करण्यासाठी होण्याआधी दोन राज्यांतील नोंदी एकमेकींना ओळखतील, कामाच्या वेळेनंतरही लस मिळेल आणि अपघाताची भरपाई हक्काने मिळेल, यासाठी झाला पाहिजे. हे झाल्यावरही जो पालक धर्माच्या नावाने मुलाला गोवराची लस नाकारील त्याला शाळेच्या दारात साथ संपेपर्यंत थांबवण्याचा अधिकार समाजाला आहे. आणि हे होत नाही तोवर महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही विधानसभांनी दंडाचे विधेयक मांडू नये.